ब्लॉगसाठी विकतचे कीवर्ड टूल घ्यावे का?

लेण्यांवर, चळवळीच्या इतिहासावर किंवा शिष्यवृत्तीच्या माहितीवर मराठीत ब्लॉग लिहिणारे आपल्यातले तरुण भेटले की हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. "दादा, वर्षभर लिहितोय, पण वाचायला कोणी येत नाही. यूट्यूबवर सांगतात की पैसे भरून कीवर्ड टूल घेतल्याशिवाय ब्लॉग चालत नाही. घेऊ का?"

विचारणारा बहुधा नोकरीच्या शोधात असतो, नाहीतर पहिल्याच नोकरीत असतो. टूलची किंमत मात्र डॉलरमध्ये असते. त्यामुळे "घे" किंवा "नको" असे एका शब्दात उत्तर देणे मला बरोबर वाटत नाही. हे टूल नेमके काय विकते, त्यातले आकडे कुठून येतात आणि मराठीत ते कितपत कामाचे आहेत, हे कळले तर निर्णय ज्याचा त्याला घेता येतो.

कीवर्ड म्हणजे वाचक गूगलच्या चौकटीत जे टाइप करतो ते. "१४ एप्रिल भाषण मराठी", "अजिंठा लेणी माहिती", "बुद्ध वंदना पाली" हे सगळे कीवर्ड. कोणता शब्द किती लोक शोधतात, त्यावर आधीपासून कोणाची पाने वर आहेत आणि आपले पान तिथे पोहोचणे किती अवघड आहे, हे तपासणे म्हणजे कीवर्ड संशोधन. सेमरश, अहरेफ्स यांसारखी टूल्स हेच काम करून देतात आणि त्याचे दरमहा पैसे घेतात. त्यांच्या पूर्ण सुविधांच्या योजना महिन्याला शंभर डॉलरच्या वर जातात. त्यावर १८ टक्के जीएसटी लागू शकतो. उबरसजेस्टसारखी काही टूल्स स्वस्त आहेत, पण पुढे जे सांगणार आहे ते त्यांनाही लागू आहे.

आकडा येतो कुठून?

बहुतेकांचा समज असा असतो की महागड्या टूलकडे गूगलची आतली माहिती असते. तसे काही नसते. लोक काय शोधतात याची खरी नोंद फक्त गूगलकडे असते आणि ती गूगल पूर्ण स्वरूपात कोणालाही देत नाही. जाहिरातदारांसाठी गूगलचे कीवर्ड प्लॅनर नावाचे साधन आहे. ते मासिक शोधांची संख्या दाखवते, पण ढोबळ करून आणि मिळतेजुळते शब्द एकत्र करून. विकतची टूल्स अशा आकड्यांचा आधार घेतात, त्यात इंटरनेट वापरणाऱ्यांच्या एखाद्या गटाच्या हालचालींची विकत मिळणारी माहिती मिसळतात आणि स्वतःचा अंदाज बांधतात. म्हणून एकच शब्द दोन टूल्समध्ये टाकला तर दोन वेगळे आकडे दिसतात. यात फसवणूक नाही, दोन्ही अंदाजच आहेत. पण पडद्यावर "२,४००" असा नेटका आकडा दिसला की तो मोजून काढलेला आहे असे वाटते.

इंग्रजीत हा अंदाज बऱ्यापैकी जुळतो, कारण तिथे माहितीचा साठाच प्रचंड आहे. मराठीत तो पातळ होतो, आणि त्याला कारणे आहेत.

पहिले कारण लिपीचे. देवनागरी आपली आहे तशी हिंदीचीही आहे. ही टूल्स साधारणपणे देशवार आकडे देतात, म्हणजे "भारत" निवडायचा. मग "बुद्ध वंदना" किंवा "त्रिशरण पंचशील" या शब्दांपुढे दिसणाऱ्या आकड्यात नागपूर, मुंबई, लखनौ आणि पाटणा सगळे एकत्र असतात. त्यातले मराठी वाचक किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. याउलट जिथे दोन भाषांचे शब्दच वेगळे आहेत तिथे चित्र स्पष्ट दिसते. हिंदीवाला "अजंता गुफा" शोधतो, आपला माणूस "अजिंठा लेणी" शोधतो. "बुद्ध पूर्णिमा" आणि "बुद्ध पौर्णिमा" यांचेही तसेच.

दुसरे कारण टायपिंगचे. आपल्यातले कितीतरी जण मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करतात आणि प्रत्येकाचे स्पेलिंग निराळे. "भाषण" या एका शब्दाची रोमन रूपे तीन-चार तरी होतात. त्यात मराठी विभक्तीची भाषा. लेणी, लेण्या, लेण्यांची, लेणीची. बाबासाहेब, बाबासाहेबांचे, बाबासाहेबांच्या. टूल यातल्या अनेक रूपांना स्वतंत्र शब्द मानते आणि बऱ्याच रूपांपुढे शून्य दाखवते. शून्य याचा अर्थ कोणी शोधत नाही असा नाही. टूलकडे नोंद नाही, इतकाच त्याचा अर्थ. गूगलने स्वतः अनेकदा सांगितले आहे की रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध त्यापूर्वी कधीच झालेले नसतात. अशा शोधांची यादी कोणत्याच टूलकडे आधीपासून असू शकत नाही.

तिसरे कारण ऋतूचे, आणि आपल्या विषयांत हेच सर्वांत जास्त फसवते. टूलच्या यादीतला आकडा बहुधा बारा महिन्यांची सरासरी असतो. आपले शोध मात्र तारखांना बांधलेले आहेत. १ जानेवारी, ३ जानेवारी, १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर, २५ डिसेंबर. समजा एखादा शब्द वर्षभरात १२ हजार वेळा शोधला गेला आणि त्यातले ११ हजार शोध एप्रिलच्या पहिल्या दोन आठवड्यांतले आहेत. टूल "महिन्याला १,०००" असे सांगेल. प्रत्यक्षात जूनमध्ये तिथे चिटपाखरू नसते आणि एप्रिलमध्ये जत्रा असते. महिनावार आलेख टूलमध्ये असतो, नाही असे नाही, पण नवखा माणूस यादीतला आकडा पाहून पुढे जातो.

बुद्ध पौर्णिमेचे तर आणखी निराळे. ती २०२४ मध्ये २३ मे रोजी होती, २०२५ मध्ये १२ मे आणि २०२६ मध्ये १ मे. म्हणजे २०२६ च्या पौर्णिमेच्या आधीचे बहुतेक शोध एप्रिलमध्येच पडतात. गेल्या वर्षीचा महिना बघून लेख टाकणारा उशिरा पोहोचतो. पंचांग किंवा कॅलेंडर बघून लेखाची तारीख ठरवायला मात्र पैसे लागत नाहीत.

"सोपा" कीवर्ड खरेच सोपा असतो का?

टूलमध्ये दुसरा आकडा असतो तो काठिण्याचा, शून्य ते शंभर. अहरेफ्समध्ये तो मुख्यतः एका गोष्टीवर काढतात: पहिल्या दहा पानांना इतर किती संकेतस्थळांनी दुवा दिला आहे. मराठीत एकमेकांना दुवे देण्याची सवयच आपल्याला कमी. त्यामुळे मराठी शब्दांपुढे हा आकडा बहुतेकदा शून्याच्या आसपास दिसतो. तरुण खूश होतो, लेख लिहितो आणि पाचव्या पानावर जाऊन पडतो, कारण वरच्या जागांवर मोठी वृत्तपत्रे आणि भाषण-निबंधांची मोठमोठी संकेतस्थळे बसलेली असतात. हे कळायला टूल लागत नाही. तो शब्द स्वतः गूगलवर टाका, पहिली दहा पाने उघडा आणि वाचा. त्यांच्यापेक्षा चांगले, खरे आणि नेमके मला लिहिता येईल का? उत्तर प्रामाणिकपणे "हो" असेल तर तो कीवर्ड तुमच्यासाठी सोपा.

आणखी एक गोष्ट टूलच्या आकड्यातून सहज कळत नाही, ती म्हणजे शोधणाऱ्याच्या मनात काय आहे. जुन्नरची लेण्याद्री घ्या. ती सुमारे तीस बौद्ध लेण्यांची मालिका आहे, त्यातले सहावे लेणे चैत्यगृह आहे. पण सातव्या क्रमांकाच्या विहारात अष्टविनायकांपैकी एक देवस्थान आहे. त्यामुळे "लेण्याद्री" शोधणाऱ्या बहुतेकांना दर्शनाची वेळ, पायऱ्या आणि गाडीतळ हवा असतो. तुम्ही चैत्यगृहावर कितीही सुंदर लिहा, तो वाचक तुमचा नाही. कार्ल्याचे तसेच, तिथले कितीतरी शोध एकवीरेच्या दर्शनासाठीचे असणार. मोठा आकडा पाहून शब्द निवडला की हे असे होते. त्यापेक्षा "लेण्याद्री बौद्ध लेणी", "कार्ले चैत्यगृह शिलालेख" यांचे आकडे लहान असतील किंवा शून्य दिसतील, पण येणारा माणूस पूर्ण लेख वाचेल.

शिवाय शोध म्हणजे वाचन नव्हे. "बाबासाहेबांचा जन्म कधी झाला" असे विचारणाऱ्याला १४ एप्रिल १८९१ हे उत्तर गूगल वरच दाखवून टाकते. आता तर यंत्राने तयार केलेला सारांशही वर येतो. टूल तो शोध मोजते, पण तो माणूस तुमच्या पानावर पाऊलही ठेवत नाही.

फुकट काय मिळते?

गूगल सर्च कन्सोल. हे एक नीट शिकलात तरी अर्धे काम झाले. आपल्या ब्लॉगची मालकी सिद्ध केली की कोणते शब्द टाइप केल्यावर आपले पान दिसले, किती वेळा दिसले, किती जणांनी उघडले आणि सरासरी कितव्या जागेवर होते, हे ते दाखवते. तेही १६ महिन्यांपर्यंतचे. फार विरळ शोध ते गाळते, यादीत एका वेळी हजार ओळीच दाखवते, पण जे दाखवते ते तुमच्या स्वतःच्या ब्लॉगचे असते, बाहेरच्या कोणी बांधलेला अंदाज नसतो. शंभर डॉलरच्या टूलकडे तुमच्या ब्लॉगची ही माहिती स्वतःची अशी नसते.

ते वापरायचे कसे, तर सरासरी जागा ८ ते २० च्या दरम्यान असलेले शब्द वेगळे काढा. गूगलला तुमचे पान योग्य वाटते आहे, पण पुरेसे वाटत नाही, असा त्याचा अर्थ. त्या पानात काय कमी आहे ते बघा. माझ्या एका मित्राच्या अजिंठ्यावरच्या लेखात भित्तिचित्रांवर दोन हजार शब्द होते. सर्च कन्सोलमध्ये दिसले की लोक "अजिंठा कोणत्या वारी बंद असते" असे विचारत त्या पानापर्यंत येत होते. लेखात ते कुठेच नव्हते. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, एवढी एक ओळ त्याने घातली. विद्वत्ता कमी झाली नाही आणि सुट्टी काढून तिथे जाणाऱ्या कुटुंबाची फेरी वाचली.

गूगल ट्रेंड्समध्ये प्रत्यक्ष संख्या नसते, शून्य ते शंभर असा तुलनात्मक आलेख असतो. पण त्यात महाराष्ट्र वेगळा निवडता येतो आणि २००४ पासूनचा चढउतार दिसतो. "लेणी" की "गुफा", "जयंती भाषण" की "जयंती निबंध" अशी तुलना त्यात छान होते. कीवर्ड प्लॅनरही जाहिरात न चालवता वापरता येते. तेव्हा ते "१०० ते १ हजार", "१ हजार ते १० हजार" असे ढोबळ पल्ले दाखवते, पण त्यात महाराष्ट्र आणि मराठी भाषा निवडता येते. अहरेफ्स स्वतःच्या मालकीच्या संकेतस्थळापुरते काही गोष्टी मोफत देते. मराठी विकिपीडियावरच्या कोणत्या लेखाला रोज किती वाचने मिळतात, हे पाहण्याचे मोफत साधन आहे, ते फार कमी लोक वापरतात. आणि गूगलच्या चौकटीत "कान्हेरी लेणी" लिहून थांबलात की खाली उघडणारी यादी आहेच. यूट्यूबच्या चौकटीतही हेच करा. आपला तरुण वाचक वाचण्याआधी तिथे शोधतो.

पण सर्वांत चांगला कीवर्ड मला विहारात मिळतो. रविवारी वंदनेनंतर लोक जे विचारतात तेच ते रात्री मोबाइलवर शोधतात. जात प्रमाणपत्रावर धर्म काय लिहायचा, परदेशी शिष्यवृत्तीला कागदपत्रे कोणती, गृहप्रवेशाचा विधी कसा करायचा. ही वही कोणत्याही टूलमध्ये नाही.

त्रिरश्मी की पांडवलेणी?

इथे एक अडचण येते ती पैशाची नाही. नाशिकच्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. तिथल्या दहाव्या लेण्यातल्या उषवदाताच्या शिलालेखात या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे कोरलेले आहे. आपण कार्यकर्ते त्रिरश्मी म्हणतो आणि तेच म्हणायला हवे. टूल मात्र तुम्हाला "पांडवलेणी" कडे ढकलणार, कारण शोध तिथे जास्त. टूलच्या मागे डोळे मिटून गेलात तर ज्या नावाविरुद्ध लिहायला बसलात तेच नाव तुम्ही पक्के करून येता.

काही जण म्हणतात, मग तो शब्द लेखात वापरायचाच नाही. मला हेही पटत नाही. पांडवलेणी म्हणून शोधणारा माणूस आपला विरोधक नाही, त्याला खरे नाव कोणी सांगितलेले नाही एवढेच. "नाशिकची त्रिरश्मी लेणी: पांडवलेणी हे नाव कसे चुकीचे" असे शीर्षक द्या. जुन्या नावाने शोधणारा आत येतो आणि नवे नाव, म्हणजे खरे तर जुनेच नाव, घेऊन बाहेर पडतो. लोक कोणता शब्द वापरतात हे टूल सांगू शकते. कोणता शब्द बरोबर, हे शिलालेख वाचूनच कळते.

मग पैसे कधी द्यावेत?

हिशेब सोपा आहे. समजा टूल महिन्याला १० हजार रुपयांना पडते, जीएसटी धरून ११,८००. समजा तुमच्या ब्लॉगवर जाहिरातींतून हजार वाचनांमागे ५० रुपये मिळतात. तर केवळ टूलचा खर्च निघायला दरमहा २ लाख ३६ हजार वाचने जादा हवीत. यातले ५० रुपये मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचा खरा आकडा घाला. ज्याचा ब्लॉग महिन्याला तीन हजार वाचनांवर आहे त्याने हा खर्च करू नये, असे मी स्पष्ट सांगतो. त्याच पैशात डोमेन आणि साध्या होस्टिंगची वर्षाची सोय होते, किंवा कुड्याची लेणी बघून, स्वतः फोटो काढून येता येते. स्वतः काढलेला फोटो आणि स्वतः वाचलेला शिलालेख असलेले पान मराठीत दुसऱ्या कोणाकडे सहसा नसते.

पैसे द्यावेत असे प्रसंगही आहेत. तुम्ही बौद्ध वारशावर इंग्रजीत लिहिता आणि तुमचे वाचक श्रीलंका, थायलंड, अमेरिकेतले आहेत, तर टूलचे आकडे बऱ्यापैकी भरवशाचे असतात आणि स्पर्धाही खरी असते. तुम्ही हेच काम इतरांसाठी करून पैसे घेता, तर ते तुमचे हत्यारच आहे. ब्लॉगवर शंभर-दीडशे लेख झाले आहेत, सर्च कन्सोल पिळून झाले आहे आणि आता दुसऱ्या संकेतस्थळांना कोणत्या पानांवर वाचक मिळतात हे बघायचे आहे, तर तेही सयुक्तिक. पण अशा वेळीसुद्धा वर्षाची योजना घेऊ नका. प्रश्नांची यादी आधी वहीत तयार करा, एक महिना घ्या, हवी ती माहिती उतरवून घ्या आणि बंद करा. कीवर्डचे आकडे महिन्यागणिक फारसे बदलत नाहीत. तीन-चार ब्लॉगवाल्यांनी मिळून एकाधिक वापरकर्त्यांची परवानगी असलेली योजना घेतली तर ओझे आणखी हलके होते.

मात्र "दोनशे रुपयांत सगळी टूल्स" असे टेलिग्रामवर विकणाऱ्यांपासून दूर राहा. मीही एकदा त्या नादी लागलो होतो. एकच खाते शेकडो लोकांना वाटलेले असते, ते नियमात बसत नाही, आणि कंपनीच्या लक्षात आले की बंद होते. माझे नवव्या दिवशी बंद झाले. विकणाऱ्याने फोन उचलला नाही. वर त्याने दिलेले एक्स्टेन्शन मी ब्राउझरमध्ये घातले होते, म्हणून सगळे पासवर्ड बदलत बसलो ते वेगळेच.

१४ एप्रिलचा लेख लिहायचा असेल तर तो फेब्रुवारीच्या अखेरीस टाका, पत्त्यात वर्ष घालू नका आणि दर वर्षी नवा लेख न लिहिता तोच सुधारा. जुन्या पानाची गूगलकडची ओळख त्यामुळे टिकते. आणि टूल घेतलेच तर पैसे भरल्याच दिवशी खात्यात जाऊन आपोआप नूतनीकरण बंद करा, महिना संपायची वाट बघू नका.